कॅबिनेट मॉडिंगसाठी ड्रिल घेताय? मशीनवर कमी, बिटवर जास्त पैसे घाला

मार्च संपला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे एकच रड. घरात ३३-३४ डिग्री, हवेत घामट दमटपणा, आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट समोरून काचेने नाहीतर प्लास्टिकने गच्च बंद, आत हवा शिरायला वाटच नाही. मग डोक्यात येतं की वरच्या पत्र्याला एक मोठं भोक पाडून फॅन बसवला तर? बसवा की, घरी होण्यासारखंच काम आहे. फक्त जो तो पहिला प्रश्न विचारतो तो "कुठली ड्रिल मशीन घेऊ", आणि खरं तर मशीन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कॅबिनेटचा पत्रा इतका पातळ असतो की कुठलीही बरी मशीन त्याला भोक पाडते. काम बिघडतं ते चुकीच्या बिटमुळे, जास्त स्पीडमुळे आणि पत्रा नीट दाबून धरला नाही म्हणून. तेव्हा खिशातले पैसे वाटताना मशीनला थोडे कमी द्या आणि बिटला जास्त द्या, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी पत्रा ओळखा

बहुतेक कॅबिनेट जस्ताचा पातळ थर दिलेल्या स्टीलच्या पत्र्याची असतात, जाडी साधारण ०.५ ते ०.८ मिमी. स्वस्तातलं असेल तर बोटाने दाबलं तरी पत्रा आत जातो, तो अर्धा मिमीच्या आसपासचा समजा. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील, नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमवाली जाड असतात, दीड-दोन मिमीपासून पुढे, पण कापायला मऊ.

साइड पॅनल पारदर्शक असेल तर ती काच आहे की अ‍ॅक्रिलिक हे नक्की करा. हाताला थंड लागते, वजनाला जड आहे, नखाने वाजवलं तर टण्ण आवाज येतो म्हणजे टफन्ड काच. तिला ड्रिल लावायचंच नाही, कुठलंही बिट घेतलं, कितीही हळू केलं तरी अख्खी काच एका क्षणात साबुदाण्यासारखी खाली येणार. टफन्ड काचेला भोकं भट्टीत जायच्या आधीच पाडतात, नंतर नाही. अ‍ॅक्रिलिकला चालतं, त्याचं पुढे येतं.

आणि मग एक कागद घ्या आणि कुठली कुठली भोकं पाडायची ते लिहून काढा. हे आळस न करता करा, कारण सगळी खरेदी यावर ठरते. पॉवर बटण नवीन बसवायचंय तर ती मेटलची बटणं १६, १९ आणि २२ मिमीच्या भोकाची मिळतात. रिव्हेट काढायचे असतील तर बहुतेक कॅबिनेटमध्ये ३.२ मिमीचे असतात. फॅनचा स्क्रू जायला ५ मिमी. केबलसाठी रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) बसवायचा तर त्याच्या खाचेचा व्यास मोजून तेवढं. आणि १२० मिमीच्या फॅनला हवा जायला ११४ मिमीच्या आसपासचा गोल. ही यादी बघितली की लगेच कळतं, छोटी भोकं, मधली भोकं आणि एक राक्षसी भोक असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांना तीन वेगळी हत्यारं लागतात.

घरात मशीन आहे? मग थांबा

आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती, त्यामुळे पडदे नाहीतर फोटो लावायला घेतलेली हॅमरवाली ड्रिल बऱ्याच घरात असतेच. ती चालते. बॉशची जीएसबी ५०० आरई हे यातलं नेहमी दिसणारं मॉडेल, ५०० वॅट, १० मिमीचा चक (बिट पकडणारा पुढचा जबडा), ० ते २६०० आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. हॅमरचा खटका मात्र ड्रिलच्या चित्रावर आणायचा. पत्र्यावर हॅमर चालू राहिलं तर पत्रा थडथडतो, पोचे पडतात आणि बिटची धार गेली म्हणून समजा.

आणि भिंतीत वापरलेलं काँक्रीटचं बिट पत्र्याला लावू नका, त्याच्या टोकाला कार्बाइडचा बोथट तुकडा असतो, तो घासतो, कापत नाही. चकात लाल माती बसलेली असते ती आधी ब्रशने झाडा, चक पूर्ण उघडून उलटा धरून टिचक्या मारा. मग एक नवीन सरळ बिट लावा, मशीन एकदम हळू फिरवा आणि बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी उभं दिसलं पाहिजे. गोल गोल भिरभिरत असेल तर चक गेला, त्या मशीनने ३ मिमीचं भोक साडेतीनचं होणार. नवीन मशीन घेतानासुद्धा दुकानातच हे करून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

नवीन घ्यायची तर कुठली

माझं मत विचाराल तर १२ व्होल्टची, दोन गिअरची कॉर्डलेस. १८ व्होल्टची घेतली तर चुकीचं नाही, पण या कामाला तेवढी ताकद लागत नाही आणि कॅबिनेटच्या आत हात घालून काम करताना तिचं वजन मनगटाला जाणवतं. दोन गिअर मात्र पाहिजेतच, त्यात तडजोड नको. पहिल्या गिअरला साधारण ० ते ४०० आरपीएम मिळतात, दुसऱ्याला १३००-१५०० पर्यंत, आणि मोठ्या भोकाला हा पहिला गिअरच कामाला येतो, का ते खाली बघू. चक निदान १० मिमीचा घ्या, चावी न लागणारा. वर आकडे लिहिलेली क्लचची रिंग असते ती स्क्रू आवळायला, भोक पाडताना ती ड्रिलच्या खुणेवर.

एक फसगत सांगून ठेवतो. दुकानात तशाच दिसणाऱ्या आखूड इम्पॅक्ट ड्रायव्हर मशीन असतात, त्यांना तीन जबड्यांचा चक नसतो, षटकोनी दांडा असलेलं बिट खटकन आत बसतं. त्या स्क्रू मारायला आहेत. मध्येच टकटक ठोके देतात आणि पातळ पत्र्यात बिट अडकलं की छोटं बिट मोडतं. पेनासारखी ३.६ व्होल्टची स्क्रूड्रायव्हर मशीन तर विसराच.

वायरवाली की बॅटरीवाली यावर आपल्याकडचा मुद्दा वेगळा आहे. पावसात लाइट कधी जाईल भरवसा नाही, व्होल्टेज पडलं की वायरवाली मशीन रडत चालते, आणि पडवीत ओल्या जमिनीवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा म्हणजे जिवाशी खेळ. वायरवालीच असेल तर अर्थिंग असलेला पॉइंट आणि पायात रबरी चप्पल.

बिट, म्हणजे खरी खरेदी

दुकानात "लोखंडाचं बिट द्या" म्हणालात की समोर एक चकचकीत सोनेरी तेरा बिटांचा डबा येतो आणि "सगळ्याक चलता" असं सांगितलं जातं. नका घेऊ. त्यातली निम्मी बिटं तुम्हाला कधीच लागणार नाहीत आणि जी लागतात ती पहिल्याच दिवशी बोथट होतात. सुटी घ्या, एचएसएस (हाय स्पीड स्टील) लिहिलेली, अ‍ॅडिसन, मिरांडा, टोटेम अशा नावाजलेल्या कंपन्यांची. ३ मिमी दोन, ३.२ किंवा ३.३ मिमी दोन, ५ मिमी एक, बस. कोबाल्टवाली महाग बिटं स्टेनलेस स्टीलला लागतात, इथे पैसे वाया. टोकाचा कोन १३५ अंशाचा आणि स्प्लिट पॉइंट मिळाला तर उत्तम, तो पत्र्यावर घसरत नाही.

आता बघा, ५-६ मिमीच्या वर साधं बिट वापरायचंच नाही. कारण असं की बिटचं टोक शंकूसारखं असतं, आणि अर्धा-पाऊण मिमीच्या पत्र्यात बिटची पूर्ण धार टेकायच्या आधीच टोक पलीकडे निघतं. मग बिटला मध्ये धरून ठेवणारं काहीच उरत नाही, ते डगमगतं आणि गोल भोकाऐवजी तीन कोपऱ्यांचं भोक पडतं. वर शेवटच्या क्षणी पत्रा बिटच्या मळसूत्रावर चढतो आणि अख्खं पॅनल हातातून गरकन फिरतं. कडा ब्लेडसारख्या असतात, बोटं जातील.

यावर औषध म्हणजे स्टेप बिट, पायऱ्यापायऱ्यांचा शंकू. प्रत्येक पायरी आधीच्या भोकात टेकून पुढचं कापते म्हणून भोक एकदम गोल येतं, आणि पुढची पायरी जराशी टेकवली की कडेची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धारदार कोर, पण निघते. एवढी एक वस्तू चांगली घ्या. पण घेताना पायऱ्या वाचा. ४ ते २० वालं बहुतेक वेळा दोन-दोनने वाढतं, म्हणजे १६ आहे, १८ आहे, २० आहे, १९ नाही आणि २२ तर नाहीच. १९ चं बटण बसवायचं तर १८ पर्यंत जाऊन उरलेलं अर्धगोल कानशीने वाढवा, किंवा बटणाची बाहेरची रिंग रुंद असेल तर २० चं भोक झाकलं जातं. २२ पाहिजे तर ४ ते ३२ वालं घ्या, पण त्याचा दांडा जाड असतो, तुमच्या १० मिमीच्या चकात जातो का ते तिथेच लावून बघा.

२२ मिमीची भोकं बरीच पाडायची असतील तर अजून एक वाट आहे, कुडाळ किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीच्या बाजूला इलेक्ट्रिक पॅनल बनवणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा. पुश बटणांसाठी हे लोक रोज २२.५ ची भोकं पाडतात, आणि त्यांच्याकडे होल पंच असेल तर त्याच्याइतकं साफ भोक पातळ पत्र्यात कुठल्याच ड्रिलने येत नाही.

स्पीड किती

हिशोब साधा आहे. स्टीलच्या पत्र्यावर एचएसएस बिटची धार मिनिटाला साधारण २५-३० मीटर चालली पाहिजे. बिट जाड झालं की एका फेऱ्यात धार जास्त अंतर कापते, म्हणून फेरे कमी करायचे. ३ मिमीला अडीच-तीन हजार आरपीएम चालतात, ५ मिमीला १७००, १० मिमीला ८५०, २० मिमीला ४३०, ३२ मिमीला २७०, आणि ११४ मिमीच्या होल सॉला (वाटीसारखी गोल करवत) फक्त ७५. हे वरचे आकडे आहेत, हाताने धरलेल्या मशीनला याच्यापेक्षा कमीच ठेवा. कीस लांब कुरळा निघतोय तर बरोबर चाललंय, भुगा पडतोय, धूर येतोय आणि बिटचं टोक निळं पडतंय म्हणजे स्पीड जास्त आहे किंवा बिट बोथट.

आता कळलं पहिला गिअर का ते? वायरवाल्या एका गिअरच्या मशीनला ट्रिगर जरासा दाबून ७५ वर धरायचं म्हणजे तिला जोर पण राहत नाही आणि आतला फॅन हळू फिरल्यामुळे मोटर तापते.

तेलाचे दोन थेंब टाका. कटिंग ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल पण काम करतं, घरात तेच हाताशी असतं, पण नंतर साबणाने नीट पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कॅबिनेटमध्ये मुंग्यांची रांग. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल नाहीतर डब्ल्यूडी-४०, नाहीतर धातू बिटच्या खाचेत चिकटून बसतो. अ‍ॅक्रिलिकला तेल नको, साबणाचं पाणी, स्टेप बिट आणि अगदी कमी स्पीड, मध्ये मध्ये थांबत, कारण ते तापलं की वितळून बिटला चिकटतं आणि दाबलं की तडकतं.

मोठा गोल कशाने कापायचा

इथे लोक थेट होल सॉ आणायला धावतात. माझा सल्ला, हातात धरायच्या मशीनवर ११४ मिमीचा होल सॉ शक्यतो नको. त्याचे दात भरड असतात आणि पत्रा एका दाताच्या उंचीएवढाही जाड नसतो, त्यामुळे दात कापण्याऐवजी पत्र्याच्या कडेला हिसका देतो. अडकला की मशीनच उलटी फिरते आणि मनगट मुरगळतं. करायचंच असेल तर पत्रा दोन प्लायवूडच्या मध्ये सँडविच करून क्लॅम्पने आवळा, पहिला गिअर, साइड हँडल लावलेलं, दोन्ही हात.

त्यापेक्षा जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या बारीक ब्लेडची विजेची करवत, बरा. त्याला पातळ पत्र्याचं ब्लेड लागतं, बॉशचं टी ११८ जी हे अर्धा ते दीड मिमी पत्र्यासाठीच आहे, दात इतके बारीक की लांबून ब्लेड गुळगुळीत वाटतं. साधं लोखंडाचं ब्लेड लावलंत तर पत्रा फडफडणार. आत ब्लेड घालायला एका जागी स्टेप बिटने १० मिमीचं भोक, बुडाला मास्किंग टेप म्हणजे पेंटवर ओरखडे नाहीत, आणि रेषेच्या आतून एक मिमी सोडून कापत जायचं, राहिलेलं कानशीने.

ड्रेमेलसारखं रोटरी टूल असेल तर ३८ मिमीची जाळीवाली कटिंग डिस्क घ्या. पाकिटात पन्नास-पन्नास येतात त्या विटकरी रंगाच्या बारक्या डिस्क ठिसूळ असतात, जरा वाकडं धरलं की फुटून उडतात. डिस्क सरळ कापते, गोल नाही, म्हणून छोटे छोटे सरळ तुकडे घेत गोलाच्या आत राहायचं.

आणि काहीच नसेल, फक्त ड्रिल, तर जुनी पद्धत: गोलाच्या आतून ११० मिमी व्यासाची रेष मारा, तिच्यावर ४-४ मिमी अंतरावर ३ मिमीची भोकं पाडत जा, ८५ च्या आसपास होतात, मधल्या चिमट्या पत्रा कात्रीने किंवा इंचाला ३२ दातांच्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने तोडा, आणि मग कानस. एक दुपार जाते पण अपघात होत नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं असं माझं मत आहे.

प्रत्यक्ष कामाला लागताना

कॅबिनेट पूर्ण रिकामं करा. मदरबोर्ड, सप्लाय, वायरी, सगळं. "एवढं छोटंसं भोक आहे, पिशवी झाकतो" हे नको, लोखंडाचा एक बारीक कीस बोर्डावर दोन पिनांमध्ये बसला की खेळ खल्लास.

आतून मोजा की फॅन मावतो का. फॅन २५ मिमी जाड असतो, पाण्याने थंड करणारा रेडिएटर असेल तर त्याच्यासकट साधारण ५२ मिमी, आणि खाली मदरबोर्डचे हीटसिंक असतात.

पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवा, त्यावर पेन्सिलने आखणी. १२० च्या फॅनची स्क्रूची भोकं १०५ मिमीच्या चौकोनावर असतात, १४० च्या फॅनची १२४.५ वर. चौकोन काढला की दोन्ही कर्ण मोजा, १०५ च्या चौकोनाचा कर्ण १४८.५ येतो, दोन्ही सारखे आले तरच चौकोन सरळ आहे. कर्ण जिथे छेदतात तो गोलाचा मध्य. दोन फॅन शेजारी असतील तर दोघांच्या जवळच्या भोकांमध्ये १५ मिमी सोडा.

सेंटर पंच हलक्या हाताने, एकच टोला, खाली जाड लाकूड धरून. जोरात मारलंत तर पत्र्याला खळगा पडतो, तो पेंटखालूनही दिसतो. ड्रिल करताना पण पत्र्याच्या मागे लाकूड पाहिजेच. आंब्याच्या जुन्या पेटीच्या फळ्या यासाठी मस्त, मऊ असतात, दोन एकावर एक ठेवून क्लॅम्प करा. पत्रा हाताने धरून ड्रिल करायचं नाही, कोणी धरायला उभा असला तरी नाही. डोळ्यांना गॉगल. सुती हातमोजे मात्र घालू नका, धागा बिटमध्ये गुंडाळला की हात सोबत जातो, पत्रा उचलता ठेवताना घाला आणि मशीन हातात घेताना काढा. गळ्यातली चेन, ओढणी, मोकळे केस, सगळं बाजूला.

आधी ३ मिमीचं पायलट भोक, मग ५ किंवा स्टेप बिट. बिट पलीकडे निघायच्या बेतात आलं की दाब सोडा आणि मशीनलाच काम करू द्या.

रिव्हेट काढताना ३.२ चं बिट डोक्याच्या मधल्या खळगीत धरा, डोकं सुटलं की थांबा, उरलेला भाग बारीक पंचने मागे ठोका. रिव्हेटच बिटसोबत गरागरा फिरत असेल तर मागून पकडीने धरा. परत लावताना लांबी ठरवायचा हिशोब: दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. १.४ मिमी पत्रा असेल तर ६ मिमीवाले रिव्हेट.

पत्र्याला आटे पाडून स्क्रू बसवायचा विचार असेल तर सोडून द्या, एम३ चा एक आटाच अर्धा मिमीचा, पाऊण मिमी पत्र्यात दीड आटा पण धरत नाही. नट-बोल्ट लावा नाहीतर रिव्हनट (रिव्हेटसारखा पत्र्यात पक्का बसणारा नट), एम३ च्या रिव्हनटला साधारण ५ मिमीचं भोक लागतं.

कडा, रंग आणि मिरग

कापून झालं की अर्धगोल कानस, मग १२० चा आणि २४० चा पॉलिश पेपर. बोटाऐवजी कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, धागा अडकला तिथे अजून बर आहे.

आता हे घाटावरच्या माणसाने टाळलं तरी चालेल, आपल्याला नाही. कापलेल्या कडेचं जस्त गेलेलं असतं, उघडं लोखंड आणि खारी हवा, एका पावसाळ्यात तिथे गंजाची रेघ उमटते आणि पेंटखाली सरकत जाते. त्यामुळे त्याच दिवशी कडेला थिनर फिरवून प्रायमर मारा, रेड ऑक्साइड कुठल्याही गावात मिळतो, सुकला की वरून मॅट काळा स्प्रे. हे सगळं मिरगाच्या आधी उरकायचं. भर पावसात स्प्रे मारला तर हवेतला दमटपणा पेंटमध्ये अडकतो आणि वर पांढुरकी झाक येते. कडेवर यू आकाराची रबर बीडिंग लावली की बघायलाही बरं दिसतं आणि वायरी कापत नाहीत.

भोकावर जाळी विसरू नका. पहिला पाऊस पडला की रात्री दिव्यावर येणारी पाखरं, आणि त्यांच्या मागे पाल, दोघांना तुमचं नवं भोक आवडणार. डासांच्या स्टीलच्या जाळीचा तुकडा फॅनखाली दाबून बसवा, हवा थोडी कमी होते पण चालतं.

मदरबोर्ड परत बसवायच्या आधी ब्लोअरने किंवा ब्रशने कीस काढा, मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक सगळ्या कोपऱ्यांतून, विशेष करून घडी घातलेल्या पत्र्याच्या खाचांतून फिरवा. पिशवी उलटी केली की कीस त्यातच राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला येत नाही, तिथे ओलं फडकंच.

कुठून आणायचं

साधी बिटं, कानस, रिव्हेट गन तालुक्याच्या गावात हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. चांगलं स्टेप बिट आणि जिगसॉचं बारीक ब्लेड बऱ्याचदा नसतं, ते कोल्हापूरला कोणी घाट चढून जाणार असेल तर, किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला नुसतं "स्टेप बिट आण" सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर माप लिहून पाठवा: ४ ते ३२, एचएसएस, दांडा १० मिमीच्या आत.

काम झालं की बिटं पुसून, तेलाचा हात फिरवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. कॉर्डलेसची बॅटरी पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर अर्धी चार्ज करून मशीनमधून काढून ठेवा, भिंतीतल्या ओल येणाऱ्या कपाटात नको.